दहापैकी तीन

कोंडीरामसरांनी उभ्या नोकरीत भूमिती शिकवली आणि दहापैकी सहाच्या वर मार्क कुणालाही दिले नाहीत. मूळचे वाशिमचे, पण शनिवार पेठेत राहायला आल्यावर पुण्याचा हा एक गुण त्यांनी असा उचलला की पुणेकरांनीही दबून राहावं. रिटायर झाल्यावर तपासायला पेपर उरले नाहीत, तेव्हा घरातल्या आमटीला मार्क सुरू झाले. सुशीलाबाईंची आमटी लग्नापासून पाचावर अडकली होती.

अशा माणसाचा उजवा खांदा धरला. शर्ट घालताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पण चेहरा ऑफिसात टांगलेल्या माजी मुख्याध्यापकांच्या फोटोसारखा. एकदा वळणावर हाताने दगा दिला आणि सर स्कूटरसकट भाजीच्या हातगाडीत शिरले. कोथिंबिरीवर पडले म्हणून वाचले. त्या संध्याकाळी मुलाने, शुभंकरने, किल्ली खिशात टाकली.

"बाबा, ट्रीटमेंट घ्या. दुखणं निम्म्यावर आलं तर स्कूटर तुमची. नाहीतर लोणी काळभोरचं गिऱ्हाईक तयार आहे."

रिक्षावाल्याच्या नकाराची वाट बघत उरलेलं आयुष्य काढायचं, या कल्पनेनेच सर हादरले. जायला कबूल झाले.

उपचार ध्वनिलहरींचा. कापाकापी नाही, सुई नाही, हे ऐकून सरांनी मनातल्या मनात तंबोरा लावला होता. फिजिओथेरपिस्ट तनुजाने खांद्यावर गार जेल चोपडलं, ड्रिलसारखं एक यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "काका, आत्ता किती दुखतंय? दहापैकी सांगा."

दहापैकी म्हटल्यावर सरांमधला परीक्षक जागा झाला. कळ सरळसरळ नऊची होती.

"तीन," सर म्हणाले.

"अरे वा. मग जरा जोरातच लावू या."

यंत्र सुरू झालं. तंबोरा कुठला, महापालिकेची माणसं आपल्या खांद्यात जुनी पाइपलाइन शोधताहेत असं सरांना वाटलं.

"सहन होतंय ना? आता किती?"

"साडेतीन."

तिने आणखी वाढवलं. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याला त्यांनी घाईघाईने खोकल्याचं रूप दिलं.

दर आठवड्याला हाच प्रकार. नवल म्हणजे गुण आला. एका सकाळी शर्ट अंगात गेला आणि काजवे चमकलेच नाहीत. सर बराच वेळ आरशासमोर संशयाने उभे होते.

शेवटच्या खेपेला निकाल ऐकायला शुभंकर आणि सुशीलाबाईही आल्या.

"काका, आज किती?" तनुजाने विचारलं.

सरांनी खांदा फिरवून पाहिला. अगदी प्रामाणिक दोन होते. "दोन."

तनुजाचा चेहरा पडला. "एवढं करून तिनाचे दोनच?"

शुभंकरने मोबाइल काढला. "गिऱ्हाइकाला कळवतो."

सरांच्या पायाखालची फरशी सरकली. "अरे, हा बघ हात वर जातोय."

"तो आधीही जायचा, बाबा. तुम्ही दात आवळून न्यायचात."

खोटं नव्हतं. आता मार्क बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आणि मार्क वाढवून मागायला आलेल्या नगरसेवकाला या माणसाने चहासुद्धा न विचारता परत पाठवलं होतं.

"तनुजाताई," सर भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या पहिल्या तिनाची फेरतपासणी करावी लागेल. नऊ होते."

तनुजा मटकन स्टुलावर बसली. "नऊ? आणि मी वाढवत गेले?"

"मग तेव्हाच सांगायचं ना, बाबा," शुभंकर म्हणाला.

"पहिल्याच पेपरला नऊ कुणी देतं का?"

भूमितीत वडिलांकडून साडेपाच मिळवलेल्या शुभंकरला हे पटलं. त्याने मोबाइल ठेवला आणि किल्ली पुढे केली. ती मधल्यामध्ये सुशीलाबाईंनी उचलली.

"अहो, आपल्याकडे फेरतपासणी होते हे मला आज कळलं. आमटीचं काय ते आधी सांगा."

सरांनी किल्लीकडे पाहिलं. एकदा घसा खाकरला.

"आठ."

सुशीलाबाईंची मूठ आपोआप सुटली. सरांनी किल्ली घेतली आणि हात झुलवत बाहेर पडले. त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने तनुजाजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "अगं, ते यंत्र चुकून डोक्याला तर नाही ना लागलं?"