पहिला शब्द कोणी बोलायचा

कोळवणच्या एकनाथरावांनी उभे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात घालवले, आणि सेवानिवृत्तीनंतर त्यांना पुन्हा विद्यार्थी होण्याचा योग आला. त्यांचा मुलगा वेदांत भूगावात राही व एका संगणक कंपनीत नोकरी करी. तेथेच काम करणाऱ्या आणि मराठी शिकलेल्या मोरेनिके या नायजेरियन मुलीशी त्याला विवाह करायचा होता. मुलगी घरात सर्वांना पसंत होती. तिच्या आईवडिलांचीही हरकत नव्हती. मात्र अखेरचा शब्द इबादान शहरात राहणाऱ्या तिच्या आजींचा, आणि त्या योरुबावाचून दुसरी भाषा बोलत नसत. मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्याशी स्वतः बोलावे, मग होय की नाही ते सांगू, असे त्यांनी कळवले होते.

एकनाथरावांना ही अट अतिशय योग्य वाटली. रविवारी मोरेनिके कोळवणला येई आणि ओसरीवर पाठ चाले. या भाषेत अक्षराचा सूर उंच लागला की नीच, यावर अर्थ ठरतो, हे ऐकून वेदांत गांगरला होता. वडिलांना मात्र पाठशाळेपासून उदात्त-अनुदात्तांची सवय. वेदपठणात हलवावा तसा हात खाली-वर करीत ते 'ए काबो', म्हणजे यावे, 'ए शे', म्हणजे आभारी आहे, असे घोकू लागले. परंतु त्यांचे मन खरे जडले ते 'ए कू' या दोन अक्षरांवर. समोरचा माणूस जे करीत असेल, त्या कृतीचाच उल्लेख करून त्याला वंदन करायचे, अशी त्या लोकांची रीत होती. बसलेल्यासाठी निराळे वंदन, थंडीने काकडलेल्यासाठी निराळे, आणि काम करणाऱ्यासाठी 'ए कू इशे'. भेटलेल्या माणसाच्या श्रमाला प्रथम हात जोडावेत, ही कल्पना त्यांना एखाद्या सूक्तासारखी पवित्र वाटे. भातखाचरात तण काढत बेणणी करणाऱ्यांना ते बांधावरून तसेच म्हणू लागले.

"गुरुजी, ह्यो काय मंतर टाकताय व्हय आमच्यावर?" शेजारच्या खाचरातल्या बहिरूने विचारले. अर्थ कळल्यावर तो इतका खूश झाला, की पुढे गुरुजी विसरले तर लांबूनच हाक घालून तो मंतर मागून घेई.

आजींची संमती मागण्यासाठी मोरेनिके इबादानला गेली. निघताना तिने बजावले, की आमच्याकडे लहानाने आधी बोलायचे असते. लहान गप्प राहिला तर थोर माणूस तोंड उघडत नाही. आजी ऐंशीच्या पुढच्या, म्हणजे पहिला शब्द एकनाथरावांचा.

साळूबाईंना हे मुळीच रुचले नाही. त्या एकनाथरावांच्या थोरल्या भगिनी, त्यांच्या अक्का. आईच्या मागे त्यांनीच भावाला वाढवले होते, आणि त्यांचा शब्द एकनाथरावांनी कधी मोडला नव्हता.

"आपून मुलाकडचं," साळूबाई म्हणाल्या. "आदी त्यांनी राम राम घालायचा, मंग आपून. आजच वाकलास, एकनाथा, तर जलमभर वाकावं लागंल."

ठरल्या दिवशी तांब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर मोरेनिके दिसली, आणि तिच्या शेजारी निळे वस्त्र डोक्याला गुंडाळलेल्या आजी. दोन्हीकडे सर्व जण नीट सावरून बसले आणि कोणीच बोलेना. नेटवर्क गेले असे वाटून वेदांतने फोन उचलून हलवून पाहिला. आजी डोळ्यांची पापणी न लववता एकनाथरावांकडे पाहत होत्या. मोरेनिकेचा चेहरा उतरत चालला. वेदांत कुजबुजला, "बाबा, बोला ना." साळूबाईंनी भावाचा गुडघा दाबून धरला.

शेवटी आजींनी मान वळवली. मांडीवर कलिंगडासारख्या फळाच्या बियांचे ताट ओढले आणि त्या एकेक बी सोलू लागल्या. त्यांच्या लेखी भेट संपली, हे सर्वांना कळले.

एकनाथराव त्या सुरकुतलेल्या अंगठ्यांकडे पाहत राहिले. अक्कांची आज्ञा त्यांना शिरसावंद्य होती, परंतु काम करणाऱ्या माणसासमोर मुके बसणे आता त्यांच्याने होईना. त्यांनी हात जोडले.

"ए कू इशे, मा."

आजींचे हात थांबले. "ए शे," त्या म्हणाल्या, आणि मागोमाग पुष्कळ काही बोलल्या, ज्यातले एकनाथरावांना अक्षर उमगले नाही.

"आजी विचारते," मोरेनिकेने सांगितले, "इतका वेळ काय करत होतात?"

एकनाथरावांनी खरे कारण सांगितले. ते कळल्यावर आजी ताट सांडेल इतक्या हसल्या. त्यांच्याकडे लग्नात मुलगाच मित्रांसह मुलीच्या वडीलधाऱ्यांपुढे जमिनीवर पालथा पडतो, असे मोरेनिकेने समजावले.

"म्हंजी समदं उलटंच हाय की," साळूबाई म्हणाल्या. मग भाच्याकडे वळल्या. "मंग बघतुयास काय? पड की आडवा."

वेदांतने इस्त्रीच्या सदऱ्यानिशी ओसरीवर साष्टांग दंडवत घातला. तो दिसावा म्हणून एकनाथरावांनी फोन त्याच्यावर धरला. आजींनी पुढे वाकून तो दंडवत निरखला आणि मोजके काही सांगितले. मोरेनिके हसतच सांगू लागली.

"फोनवरचा नमस्कार चालणार नाही म्हणते. इथे येऊन घाला. लग्नाची तारीख तुम्हीच कळवा."

नलिनीबाईंनी, म्हणजे वेदांतच्या आईने, देवापुढे साखर ठेवायला आत धाव घेतली. साळूबाई मात्र फोनसमोरून हलल्या नाहीत. तिथे बायकांनी काय करायचे असते, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे होते. बायका गुडघे टेकतात, असे मोरेनिके म्हणाली.

साळूबाईंनी आपल्या पायांवरून हात फिरवला.

"माजं गुडघं लई दुखत्यात, सांग तुज्या आजीला," त्या म्हणाल्या. "पन टेकीन."