दुखण्याची माशी

सकाळी नऊलाच बरणीबुवांच्या जिन्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आत बुवा रोग्याच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेली चिनी मातीची बरणी ठेवायचे, खिडकीचा पडदा सारायचे आणि काहीबाही पुटपुटून फडकं सोडायचे. बरणीतून चिलटांचा ढग उठून थेट उजेडाकडे जायचा.

"पाहिलंत? निघालं दुखणं! जेवढं दुखणं जुनं, तेवढी माशी बारीक!"

नव्या दुखण्याचीही माशी बारीकच निघायची, पण तेवढं कोण बघतो?

माझ्या आत्याच्या छातीत गाठ होती. बुवांनी ती त्या दिवशी उडवून लावली आणि वर तंबी दिली, "आता डॉक्टरांची सुई लागली, तर माश्या परत येतील." आत्यानं उभ्याउभ्या फोन करून दुसऱ्या दिवशीची तपासणी रद्द केली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

रानात सापळे लावून बारीक माश्या गोळा करायच्या आणि भिंगाखाली त्यांची जात ओळखायची, हे माझं काम. घरचे म्हणतात, पोरगी माश्या मारायचा पगार घेते. आत्याच्या बाहीवर काही चिलटं सरपटत होती. ती मी ओल्या ब्रशनं उचलून स्पिरिटच्या नळीत टाकली. पळून जाणारा रोग पायी का निघाला, ते मला बघायचं होतं.

दुपारी आत्याला ओढतच माझ्या टेबलाशी आणलं.

"रानातल्या एका सापळ्यात दहा जातींच्या माश्या मिळतात, झिजक्या पंखांच्या म्हाताऱ्यासुद्धा. बुवांची चिलटं सगळी एकाच जातीची. लाल डोळ्यांची, सडक्या फळावर वाढणारी. बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत आत्यानं भिंगाला डोळा लावला. तिची चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेली.

"अगं, हिच्या पंखांची घडीसुद्धा मोडलेली नाही. अगदी कोरं कापड!"

"पकडली तेव्हा कोषातून निघून तासही झाला नसेल तिला. म्हणून तर उडता येईना."

"आणि माझी गाठ चार महिन्यांची!"

आत्या तडक बुवांकडे गेली. त्यांनी पुढच्या रोग्याच्या मांडीवर बरणी ठेवली, तोच हिनं ती उचलून चटईवर पालथी केली. धप्पकन काळंठिक्कर केळं पडलं, त्यात अळ्या वळवळत होत्या. दहा-बारा दिवसांत अंड्याची माशी होते, आणि अंधारातून सुटली की ती उजेडाकडेच धावते. एवढाच तो मंत्र.

बुवा डगमगले नाहीत. "हे केळं दुखणं शोषून घेतं."

"माझ्या ओट्यावरही घेतं," आत्या म्हणाली, "उचलायचं विसरलं की!"

अर्धी रांग हसत जिना उतरली. उरलेल्या अर्ध्या रांगेनं विचारलं, "पुढचा नंबर कुणाचा?"

आत्यानं तपासणी करून घेतली. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत निघाली. शस्त्रक्रिया झाली, आज ती पुन्हा यंत्रावर बसते.

भिंग सगळ्यांकडे नसतं, मान्य. पण "आत काय आहे ते दाखवा" एवढं म्हणायला तोंड तर प्रत्येकाला आहे. ते वापरा.