स्वतःहून

दशरथ सरांनी चष्मा पुसला, परत पुसला, तेव्हा नाथा म्हणाला, "वाचा ना सर आता. काच झिजेल."

छापायच्या आधी प्रत्येक खेळाडूला त्याचं पान वाचून दाखवायचं, असा सरांनी शब्द दिलेला. भाईंदरच्या फुटबॉल टीमला पंचवीस वर्षं घाम गाळायला लावलेला कोच. आत्मचरित्रात खरं तेच लिहिणार म्हणून हट्टाला पेटलेला. पण जो ऐकायला येई तो काहीतरी खोडून जाई. अभिनवने हुकलेली पेनल्टी खोडली, जितेंद्रने दारू. आता पुस्तकात सगळी देवमाणसं, तरी टीम आपली हरतेच आहे.

नाथाचं पान शेवटचं. इंद्रलोक वसाहतीतल्या सरांच्या घरी, सोफ्यावर तो उजवा पाय लांब करून बसलेला. तो गुडघा वाकायचा नाही.

सर वाचायला लागले.

"फायनलच्या सकाळी नाथा म्हणाला, सर, पाय टेकवत नाही. महिनाभर खेळू नये, अशी डॉक्टरची चिठ्ठी आली होती. ती मी खिशात घातली. नाथाला सांगितलं, डॉक्टर बोलला खेळ. दुखणं मारायची सुई द्यायला लावली आणि त्याला उतरवला. त्याचा पाय मी घालवला."

सरांनी मान वर केली नाही. आता शिवी येईल. वीस वर्षं ते तिचीच वाट बघत होते.

"चिठ्ठी होती?" नाथाने विचारलं.

"होती."

नाथा गुडघ्यावरून तळहात फिरवत राहिला.

"खोडा हे."

"खरं आहे, नाथा."

"असेल. पण घरी मी सांगितलंय, टीमसाठी स्वतःहून उतरलो. पायल ते ऐकतच मोठी झाली. आजवर नुसता लंगडा होतो सर. हे छापलंत तर येडा पण ठरेन."

सरांनी पेन उघडलं. एका रेघेत सगळं खोडलं. वर त्यांनी लिहिलं, 'नाथा स्वतःहून मैदानात उतरला.'

नाथाने लेकीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पायल, ऐक. सर वाचतायत."

सरांनी वाचलं.

"सर," पायल म्हणाली, "तुम्ही अडवलं नाहीत पप्पांना?"

नाथाने फोन आपल्याकडे ओढला.

"अडवलं होतं गं. दोनदा. मीच ऐकलं नाही."

फोन बंद करून त्याने कागदाकडे बोट केलं.

"ते पण घ्या लिहून."