काळी पाच, पांढरी सात

"रूपा, नी कोमल लाव. शुद्ध नी काट्यावानी टोचतो."

वडिलांचा हा आवाज रूपालीनं नवव्या वर्षी ऐकला. मखमलाबादला मळ्याकाठच्या मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसलेलं. पेटी तिच्यापुढं आणि वडील, सावळीराम, तिच्या पाठीशी, बोटांना झेंडूचा वास. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं पट्ट्या. बोट पांढऱ्या पट्टीवर सरकलं की मागून हलकेच तोच आवाज यायचा. मग बोटालाच कळू लागलं. नी म्हटलं की ते काळीवर जाऊन बसायचं, गाय दावणीला जाते तसं.

आता ती सव्वीस वर्षांची होती. इंदिरानगरमध्ये महेश सरांच्या संगीत क्लासला दोन महिने झाले शिकवत होती.

मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "पियानो, गिटार, दोन्ही येतं ना?"

ती "हो" म्हणाली होती. येत होती ती पेटी. बाकीचं ती मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकायची, शिकवायच्या आदल्या दिवशी. एक धडा पुढे, तेवढीच काय ती मॅडम. कुणी अचानक दोन धडे पुढचं विचारलं तर? बसमधून उतरताना रोज हाच विचार. तिकडं वडिलांनी मंडळातल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं, "आमची रूपा पियानो शिकवती. लय मोठा क्लास हाय." पकडली गेली तर नोकरी जाणार होतीच. पण पारावर त्या बारा जणांसमोर बापाची मान कुठं जाईल, हे तिला जास्त दिसायचं.

तिला सगळ्यात जास्त भीती होती सिंधुकाकूंची. वय बासष्ट. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या. नोटांचे छापलेले कागद डोळ्यांखालून घालायचे आणि त्यातला दोष शोधायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलेलं. रेघ केसभर सरकली तरी त्यांना दिसायची म्हणे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, तुमचा डावा हात काय करतोय?"

रूपालीनं खाली पाहिलं. उजवा हात पियानोवर होता आणि डावा बाजूला हवेत पुढंमागं, पुढंमागं होत होता. नसलेला भाता मारत होता.

"ठेका धरते, काकू."

"ठेका असा आडवा असतो होय? असेल बाई. आम्हाला काय कळतंय."

त्या हसल्या. रूपालीनं तो हात ओढणीत गुंडाळून घेतला.

रविवारी क्लासचा कार्यक्रम होता. काकू पियानो वाजवणार आणि निकिता, सरांची जुनी विद्यार्थिनी, गिटार. गाण्याची सुरुवातच सी मेजर सेव्हन या कॉर्डनं होती. चार स्वर एकदम दाबायचे आणि चार मात्रा धरून ठेवायचे. काकूंच्या सूनबाई, नातवंडं, प्रेसमधल्या चार मैत्रिणी, सगळे येणार होते. काकूंनी मोरपंखी साडी इस्त्रीला टाकलेली.

तीन आठवड्यांपूर्वी रूपालीनं ती कॉर्ड सांगितली होती. सा, ग, प आणि सातवा म्हणजे नी. कुठला नी, हे तिनं पाहिलंच नव्हतं. बोट आपसूक काळी पाचवर, म्हणजे कोमल नीवर, गेलं. कानाला गोड लागलं, तिनं तेच सांगितलं आणि काकूंनी पट्टीनं रेघ मारून, तारीख घालून वहीत लिहून घेतलं: पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच, काळी पाच.

बुधवारी दुपारी क्लास रिकामा होता. निकिताचा हात कसा चालतो ते कळावं म्हणून रूपाली भिंतीवरची गिटार घेऊन बसली. साधी सी कॉर्ड तिला जमत होती. तीन बोटं, तीन तारा, बोटांच्या टोकांना वळ. पुस्तकात मेजर सेव्हनचं चित्र पाहून ती थबकली. नवं बोट ठेवायचं नव्हतंच. पहिलं बोट उचलायचं, बस्स.

तिनं उचललं. तार मोकळी झाली आणि खोलीभर एक सूर पसरला. सासरी निघालेली पोर गाडीत बसलीय, दार लागलंय, पण गाडी अजून हललेली नाही, तसं काहीतरी. डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिनं ती तार पुन्हा छेडली. कारण कान तिचे पेटीवाल्याच्या मुलीचे होते. हा नी शुद्ध होता.

ती पियानोकडे धावली. पांढरी सात दाबली. हाच सूर. काळी पाच दाबली. वेगळा. पुस्तक चाळलं. काळी पाचवाली कॉर्डही तिथं होती, पण तिचं नाव नुसतं सी सेव्हन. नावात एका शब्दाचा फरक. आणि काकू तीन आठवडे दुसरीच कॉर्ड घोटत होत्या.

त्या रात्री आईचा फोन आला. मळ्यात फुलं तोडताना जुळवलेली ओवी तिनं कौतुकानं म्हणून दाखवली:

"झेंडू तोडता तोडता, बोटं झाली केशराची
लेक शिकवी शहरी, तिला आण माहेराची."

"कशी झाली गं?"

"छान," रूपाली म्हणाली आणि तिला झोप लागली नाही.

गुरुवारी तिनं काकूंना शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं, "आज शेवटचं बोट जरा बदलू या. काळी पाचऐवजी पांढरी सात."

काकूंनी वही उघडली. चष्मा नाकावर सरकवला. "मग हे लिहिलंय ते?"

"तेही बरोबर आहे. हे जास्त शोभतं."

"दोन्ही बरोबर?" काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "आमच्याकडं असं नव्हतं बाई. कागद एक तर चांगला, नाही तर बाद."

सांगून टाक, असं रूपालीच्या ओठांपर्यंत आलं. बाहेर सरांच्या चपला वाजल्या. ती म्हणाली, "वाजवा ना काकू."

काकूंनी वाजवलं. दहादा बरोबर आलं, अकराव्यांदा बोट काळीवर गेलं. तीन आठवड्यांची वाट बोट एका दिवसात कसं विसरेल? हे रूपालीपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक होतं.

शुक्रवारी तालीम झाली. सर खुर्चीत, निकिता गिटार घेऊन, काकू पियानोपाशी. रूपाली खिडकीला टेकून उभी.

"एक, दोन, तीन..."

निकितानं बोट उचलून तारा छेडल्या. काकूंनी चार बोटं दाबली. दोन नी एकमेकांवर आपटले, पितळी ताटं पडल्यासारखे. निकितानं तोंड वेडंवाकडं केलं.

"परत," सर म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा काकूंचं बोट पांढरीवर गेलं, घाबरलं आणि पुन्हा काळीवर आलं.

सर उठले. वाईट माणूस नव्हता, आवाजही मऊच होता. "काकू, राहू द्या. या वयात बोटं ऐकत नाहीत, त्यात तुमचा काही दोष नाही. रविवारी पियानो आपण दुसऱ्या बॅचच्या वेदिकाला देऊ. तुम्ही पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी त्रेसष्ट," काकू म्हणाल्या. "तेव्हा ऐकतील वाटतं बोटं?"

काकूंनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. त्यात तारखेसह सगळं होतं. एक पान उलटून सरांपुढं धरलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी धरलं नाही. दोन्ही हात वहीवर ठेवून त्या रूपालीकडे बघत बसल्या, नुसत्या. रागावलेल्या नव्हत्या. कागद उजेडात धरून बघावा तसं बघत होत्या.

"मैत्रिणींना काय सांगू तेवढं बघते," त्या उठत म्हणाल्या. "सांगेन, म्हातारीला जमलं नाही."

निकिता तारा पुसू लागली. सर वेदिकाचा नंबर शोधू लागले. आता गप्प राहिलं की झालं. सोमवारी नवा धडा, नवा व्हिडिओ, कुणाला काही कळणार नव्हतं. रूपालीनं पाहिलं, काकू चप्पल घालताना भिंत धरत होत्या. येताना त्यांनी भिंत धरली नव्हती.

"सर, फोन लावू नका."

आवाज इतका बारीक निघाला, की सरांनी मान वर केली नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं.

"फोन लावू नका सर. काकूंची बोटं अगदी ऐकतात. मी सांगितलं तेच त्या वाजवताहेत. काळी पाच मी शिकवली, त्यांच्या वहीत आहे. मला पियानो येत नाही. गिटारही येत नाही. मुलाखतीत मी खोटं बोलले."

सरांनी हातातला फोन खाली ठेवला. पण ती आता त्यांच्याशी बोलत नव्हती. ती दाराकडे वळली होती.

"आणि काकू, ते दोन्ही बरोबर नव्हतं. माझं चुकलंय हे मला बुधवारीच कळलं होतं."