साडेसहा ट्रेलर

ताहिरानं कंप्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि मांडीवरच्या तान्ह्या जिक्राला नकळत घट्ट धरलं. आज लागणारे ट्रेलर: साडेसहा.

अर्धा ट्रेलर कुणी पाठवतं का?

बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात रोज किती ट्रेलर लागतील ते सांगणारा हा प्रोग्राम तिनंच लग्नाआधी पायथन या कंप्युटरच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिला होता. एका ट्रेलरवर दोन छोटे कंटेनर, म्हणून कंटेनरांच्या निम्मे ट्रेलर. आता नवीन वर्षापासून जुन्या पायथनची देखभालच बंद होणार होती. नव्यावर जायचं की नाही, ते तिनं सांगायचं होतं. चुकलं तर गेटवर गाड्यांची ही रांग! म्हणून खांदा कॉलनीतल्या घरी बसून तिनं मागच्या एका दिवसाचे आकडे नव्यात घालून पाहिले. त्याच आकड्यांवर जुना म्हणत होता, सहा.

"जुनंच राहू दे," फोनवर तिचा साहेब, कल्पेश, म्हणाला. "चालत्या गाडीला खीळ कशाला? आजवर एक तरी कंटेनर मागे राहिला का?"

नव्हता राहिला. तेच तिला खात होतं. सहा ट्रेलर आणि तेरा कंटेनर. तेरावा गेला कसा?

जिक्राला सासूकडे सोपवून ती यार्डात गेली. गेटवरच्या तुळशीराममामांना तिनं विचारलं.

"त्ये व्हय?" मामा हसले. "तुजा कंप्युटर कवा कवा एक गाडी कमी सांगतं. कंटेनरचा डबा उरला का मी ट्रेलरवाल्या जगनला हाक मारतो. आमी तिला जगनची गाडीच बोलतो."

"मग मला सांगायचं नाही का, मामा?"

"अगो, काम कवा अडलं नाय, तं सांगाचं काय?"

ताहिरानं मान वर केली. घरावर घर ठेवावं तसे कंटेनर रचलेले, कुठल्या कुठल्या देशांचे. हे सगळं हलत होतं तिच्या एका भागाकारावर, आणि तो भागाकार इतकी वर्षं, साडेसहाचे सहा करत, अर्धा गिळून गप्प बसला होता. पायथन बनवणाऱ्या कुठल्याशा अनोळखी माणसांनी ठरवलं, की नव्यात यापुढे अर्धं गिळायचं नाही. मग जगभरचे जुने प्रोग्राम अडले तरी चालतील. केवढी ही छाती!

रडणारं मूल परवडलं. गप्प पडून राहिलेल्या जिक्राच्याच कपाळाला ती पुन्हा पुन्हा हात लावून बघायची.

तिनं कल्पेशला फोन लावला. "सर, नव्यावर जायचं."

"आणि ते साडेसहा?"

"त्याचे सात मी करते. सगळे भागाकार एकेक करून तपासते."

"अजून काय काय बाहेर येईल कुणास ठाऊक!"

"येऊ दे ना. आत्ताच येऊ दे."

समोर क्रेननं एक लाल कंटेनर उचलला. अख्खा संसार मावेल एवढं ओझं हवेत टांगलेलं, आणि पलीकडे माणसं निवांत चहा पीत होती. ताहिराची नजर त्या कंटेनरवरच खिळली. तो खाली टेकेपर्यंत कल्पेश काय बोलत होता, ते तिला ऐकूच आलं नाही.