भट्टीच्या मापाचं सरपण

गल्लीत त्याला सगळे फुकटराव म्हणत. त्याला त्याचा राग येत नसे, कारण हे नावसुद्धा त्याला फुकटच मिळालं होतं.

त्याची बेकरी होती. आजूबाजूच्या सगळ्या बेकऱ्या विजेवर गेल्या, तरी ह्याची विटांची भट्टी अजून लाकडावरच चालत होती. लाकडावरच्या पावाची चव न्यारी, असं तो गिऱ्हाइकांना डोळे मिटून सांगे. खरी गोष्ट एवढीच, की विजेचं बिल येतं आणि लाकडाचं येत नाही. निदान त्याला तरी कधी आलं नव्हतं.

रस्त्यावरची वाळलेली, झुकलेली, तारांवर रेललेली झाडं तोडणाऱ्या टोळ्या असतात. झाड पाडणं त्यांना सोपं. पाडलेलं झाड उचलून लांब कुठेतरी नेऊन टाकणं, ही त्यांची खरी डोकेदुखी. फुकटरावाने ही डोकेदुखी कधीच ओळखली होती. मोटरच्या करवतीचा आवाज आला की त्याचे कान टवकारत. एकदा अर्धी दाढी झालेली असताना तो तसाच फेसासकट धावला होता, आणि उरलेली अर्धी त्याने हातगाडीवर ओंडके चढवून आल्यावर केली.

ह्या धंद्याचे काही नियम त्याने स्वतःला घालून घेतले होते. न्यायचं तर सगळं न्यायचं. जाडजूड ओंडके तेवढे उचलायचे आणि फांद्या, पाला तिथेच टाकून पळायचं, अशा माणसाला टोळीवाले पुन्हा दारात उभं करत नाहीत. फुकटराव झाडून सगळं नेई आणि वर रस्ताही झाडून देई. दुसरा नियम चहाचा. रिकाम्या हाताने मागतो तो भिकारी, आणि किटली घेऊन येतो तो ओळखीचा, असं त्याचं म्हणणं. म्हणून जिथे झाड पडेल तिथे किटली आणि गरम पाव पोचत. ते पोचवायचं काम ताईकडे होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा नवरा फार लवकर गेला आणि ती भावाकडे आली ती आलीच. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, पीठ मळायची, भट्टी पेटवायची, हात आत घालून आच ओळखायची. बेकरी फुकटरावाच्या नावावर होती आणि ताईच्या हातावर चालत होती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फुकटरावालाही ठाऊक असावं, पण त्याने त्यावर कधी विचार केला नव्हता. पाणी ओलं असतं ह्यावर कोण विचार करत बसतं?

यंदा टोळीला नवा मुकादम आला. उंच, हाडापेराने मजबूत, भुवयांत कायम भुसा अडकलेला, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं ह्याला बोलण्याचे पैसे पडतात. तो आला आणि फुकटरावाचं नशीबच फळफळलं. आधी ओंडके वेडेवाकडे यायचे. ते कापता कापता, फोडता फोडता त्याच्या कंबरेचे टाके ढिले होत. आता ट्रक आपणहून मागच्या दाराशी येऊ लागला. लाकूड फोडलेलं, सारख्या लांबीचं, आणि लांबी अशी नेमकी की भट्टीत सरकवलं की दार अलगद लागावं. टोळीची माणसं ते भिंतीशी रचूनसुद्धा देत.

"माणूस जोडता आला पाहिजे," फुकटराव बायकोला म्हणाला. "मुकादमाला माझा स्वभाव आवडलाय."

"हो, तुमचाच," बायको म्हणाली आणि पावाचे ट्रे घासायला वळली.

एक दिवस पोस्टासमोरचं जुनं झाड पाडत होते. झाड भलं दांडगं होतं, त्यामुळे बोलणी करायला आपण जातीने गेलं पाहिजे असं फुकटरावाने ठरवलं. ताईच्या हातातली किटली त्याने स्वतः घेतली. ताई मोकळे झालेले हात पदराला पुसत दारात उभी राहिली.

मुकादमाने किटली घेतली आणि फुकटरावाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे.

"आज ताई नाही आल्या?"

"तिला काम होतं."

"बरं," असं म्हणून मुकादमाने चहाचा पेला हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. प्यायला नाही. मग पेला खाली ठेवून तो कामाला लागला. ट्रकमधून त्याने एक काठी काढली, आडव्या ओंडक्यावर ठेवली, खडूने खूण केली, काठी पुढे सरकवली, पुन्हा खूण केली. फुकटराव कौतुकाने बघत होता. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ही काठी आपल्या ओळखीची आहे. एक टोक जळून काळं झालेलं, मध्ये सुकलेल्या पिठाचा थर. भट्टीतून पाव काढायच्या लांब फावड्याचा हा मोडका दांडा होता. मोडला त्या दिवशी जाळायला म्हणून त्याने तो अंगणभर शोधला होता, आणि ताई अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली होती, "मला नाही बाई दिसला."

फुकटराव लाकडाचं काही न बोलता घरी आला.

"तुला माहीत होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"गल्लीतल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. आमच्या वन्सं किटली घेऊन जातात ती तासाभराने परत येतात, आणि येताना गुणगुणत येतात. तुम्ही तेव्हा ओंडके मोजत असता."

"मला का नाही सांगितलंस?"

"फुकट मिळतंय ह्या आनंदात होता. म्हटलं, कशाला खोडा घाला?"

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ताई गेली तर? पीठ कोण मळणार, आच कोण बघणार, असं तो स्वतःला विचारत राहिला. हिशेब असा मांडला की बरं वाटतं, कारण हिशेबाला तोडगा असतो. पण त्याच्या पोटात जो खड्डा पडला होता तो पिठाचा नव्हता. लहानपणी शाळेच्या फाटकाशी ताई हात सोडून वरच्या वर्गात निघून जायची, तेव्हा असाच पडायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने टोळीतल्या एकाजवळ निरोप दिला, की आता लाकूड नको. आणि तो चालत वखारीत गेला.

वखारवाला त्याला बघून हसला. "वाट चुकलात? इथे झाडं तोडत नाहीत, विकतात."

"गाडीभर सरपण पाहिजे. विकत."

वखारवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या पैशांकडे पाहिलं आणि स्टूल ओढून तो खाली बसला. गाडी घेऊन तो स्वतः आला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आला.

ताई मागच्या दारी आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"हे कुणी दिलं?"

"दिलं नाही. विकत घेतलं."

ताईने पालथा हात त्याच्या कपाळाला लावून पाहिला. ताप नव्हता. कपाळावर पीठ लागलं तेवढंच. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली. उंबऱ्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बाळ्या, मी जाऊ नये म्हणून तू पैसे खर्च केलेस? तू?"

"त्याचं लाकूड ओलं असतं. धूर होतो."

"ओलं असतं म्हणून तर आपण वाळवतो. गेल्या वर्षीचं अजून मागे पडून आहे, ते सरेना, आणि हा निघाला वखारीत."

फुकटरावाने एकदाचं विचारलं. "तू जाणार?"

"जाणार."

तिने आढेवेढे घेतले असते तर त्याच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. एवढ्या सरळ उत्तराची त्याने तयारी केली नव्हती. आणि अशा वेळी तोंडातून नको तेच निघतं, तसं निघालं.

"मग पीठ कोण मळणार?"

ताईचं हसणं थांबलं. "पीठ," ती म्हणाली. उठली, नळाखाली हात धुऊ लागली, आणि धुतच राहिली.

फुकटराव विकतच्या लाकडाशेजारी उभा होता. पीठवाल्याला तो पैसे देत होता. दूधवाल्याला, मीठवाल्याला, वर्षातून एकदा धुराडं साफ करायला येणाऱ्या माणसालासुद्धा. कुरकुर करत का होईना, देत होता. ताईला त्याने आजवर काही दिलं नव्हतं, आणि तिने मागितलं नव्हतं. ओंडक्यांच्या जिवावर आपण फुकटराव म्हणून मिरवलो, पण फुकटातला सगळ्यात मोठा माल पहाटेपासून आपल्याच घरात राबत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताई, चुकलं माझं," तो म्हणाला. "पिठाला माणूस मिळेल. नाही मिळाला तर मी मळीन. मला तू पाहिजेस. आणि इतकी वर्षं तुला मी फुकट राबवलं, हे मला आत्ता कळलं."

"आत्ता?"

"मी थोडा मंद आहे."

"थोडा?" आतून बायकोचा आवाज आला.

ताईने नळ बंद केला.

"पगार देतो," फुकटराव घाईघाईने म्हणाला. "ह्या महिन्यापासून. मागचाही देतो, हप्त्याहप्त्याने. पण जाऊ नकोस."

"पगार दे," ताई म्हणाली. "मागचाही दे. पण जाणार ते जाणारच. अरे, त्याचं घर पाण्याच्या टाकीपलीकडे आहे, सातासमुद्रापलीकडे नाही. पहाटे येईन, पीठ मळीन, पाव काढीन आणि दुपारी माझ्या घरी जाईन. रविवारी येणार नाही."

"रविवारी तर सगळ्यात जास्त खप असतो."

"म्हणूनच आधी सांगून ठेवते."

जन्मभर घासाघीस करणाऱ्या माणसाला हरलेला सौदा ओळखता येतो. तरी मूळ स्वभाव जाईना. "आणि लाकूड?" त्याने हळूच विचारलं.

"येत राहील. फक्त चहा आता तू न्यायचास."

लग्न साधंच झालं. दोन सह्या, चार माणसं आणि सगळ्या टोळीला पोटभर जेवण. जेवणाचा खर्च फुकटरावाने केला आणि तो कुणालाही बोलून दाखवला नाही. मुकादमाने भुवया स्वच्छ करून घेतल्या होत्या, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याला आधी ओळखलंच नाही. निघताना तो फुकटरावासमोर उभा राहिला, बराच वेळ शब्द शोधले आणि म्हणाला, "येत जा घरी." त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

दुसऱ्या दिवशी फुकटराव उठला तेव्हा बेकरीत अंधार होता. आजवर तो खाली यायचा तेव्हा दिवा लागलेला असे, आणि तो आपोआप लागतो अशीच त्याची समजूत होती. त्याने बटण चाचपून दिवा लावला. पोतं सोडून पीठ परातीत काढलं. ताईच्या खोलीचं दार उघडं होतं, आत खाट तेवढी होती, वर अंथरूण नव्हतं. तो दारातून मागे फिरला आणि परातीसमोर नुसता उभा राहिला.

रस्त्याकडच्या दारावर टकटक झाली. भल्या पहाटे कोण कडमडलं, असं पुटपुटत त्याने कडी काढली. बाहेर ताई शाल गुंडाळून उभी होती.

"टकटक कसली करतेस?" त्याचा आवाज चिरकला. "घर तुझंच आहे ना?"

"माझं घर तिकडे. इथे मी कामाला येते," ताई म्हणाली. ती आत आली, शाल खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या आणि परातीत पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आधी डोळे पूस," ती म्हणाली. "पिठात मीठ मी घालते."