कुशाबाच्या खिशातली पेनिसिलिनची बाटली

जरा कान इकडे करा. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या डब्यातून बोलतेय मी, पेनिसिलिनच्या इंजेक्शनची बाटली. बोटभर उंचीची, काचेची, रबरी बुचाची. आज-उद्या गाडी येईल आणि आम्हा टाकून दिलेल्या बाटल्यांना घेऊन जाईल. त्याआधी माझं एवढं ऐकून घ्या.

आमचं मूळ म्हणजे बुरशी. नाक मुरडू नका. शिळ्या भाकरीवर धरते ना, तिचीच आम्ही भावकी. तिच्यातला जंतू मारणारा रस माणसाने वेगळा काढला आणि आमचं घराणं सुरू झालं. माझ्या पोटात पांढरी भुकटी होती. तिच्यात इंजेक्शनचं शुद्ध पाणी मिसळलं की दुधासारखं औषध तयार होतं. ते मांसात खोल टोचायचं, शिरेत कधीही नाही. शिरेत गेलं तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. मांसातून मी थोडी थोडी रक्तात झिरपत राहते, कितीतरी दिवस. सावकाश काम करणारी आहे मी, पण चिवट.

मंचरच्या मेडिकलमधून मला मोहिनीने विकत घेतलं. निरगुडसरची ही बाई, मेंढपाळाची सून. मी हवी होते तिच्या मुलीसाठी, ऋतिकासाठी. लहानपणी एकदा ऋतिकाचा घसा सुजला होता. घसाच तो, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग ताप आला, गुडघे धरले, घोटे धरले, आणि शेवटी कळलं की दुखणं हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलंय. घशात ते जंतू पुन्हा शिरले तर झडप आणखी बिघडणार. म्हणून दर तीन आठवड्यांनी मी किंवा माझी एखादी बहीण तिच्या अंगात जायला हवी, तीही वर्षानुवर्षं. तुम्हा माणसांचं एक असतं, बरं वाटायला लागलं की औषध नकोसं होतं. उड्या मारणाऱ्या पोरीला सुई टोचायला नेणं मोहिनीच्याही जिवावर यायचं. तरी तिने कधी खाडा केला नाही. या बाईबद्दल मला फार आदर आहे.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, म्हणून ऋतिका घरच्यांबरोबर मेंढरांमागे आली होती. पिंपळवंडीच्या शिवारात दादाभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात त्यांनी कळप बसवला होता. मेंढरं रात्री रानात बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. मोहिनीने मला ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलं होतं.

इंजेक्शनचा दिवस उजाडला. ऋतिकाचा बाप जालिंदर मोटरसायकल घेऊन पुढचं रान बघायला गेला होता. तिचा आजा कुशाबा लंगडणाऱ्या मेंढरांना इंजेक्शनं देत बसला होता. हात इतका सफाईदार की मेंढरू ओरडायच्या आत सुई बाहेर. ते काम आटोपलं तसं त्याने फडक्यातून मला बाहेर काढलं.

"एवढ्या उन्हाचं दवाखान्यात कशाला जायचं? आन पोरीला हिकडं. मीच टोचतो."

"मामंजी, ती काय मेंढरू हाय व्हय?" मोहिनी म्हणाली.

"अगं, औषध येकच. मेंढराच्या बाटलीत बी पेनिसिलिनच असतंय. हयात गेली माझी सुया टोचण्यात. अजून येक मेंढरू दगावलं न्हाई माझ्या हातनं."

बोलता बोलता त्याने माझं पत्र्याचं टोपण उडवलं आणि चुलीवर उकळून गार केलेलं पाणी, मेंढरांच्याच सुईने, माझ्यात सोडलंसुद्धा. वाईट माणूस नव्हता हो तो. नातीवर त्याचा जीव होता. पण मला दरदरून घाम फुटला.

"सिस्टर सुई दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवत्यात," मोहिनी म्हणाली. "उगंच ठेवत्यात का?"

"मेंढरू बसतंय व्हय अर्धा तास?" कुशाबा हसला. ऋतिकाही खुदकन हसली. मोहिनी मात्र हसली नाही. सासऱ्याला कधी उलट शब्द न बोललेल्या त्या बाईने पोरीचं मनगट धरलं आणि ढेकळं तुडवत सडकेकडे चालू लागली.

कुशाबा बघतच राहिला. मग मला बंडीच्या खिशात कोंबून, काहीबाही पुटपुटत तोही मागोमाग निघाला. दादाभाऊंचा कांद्याचा टेम्पो जात होता, त्यात तिघंही चढली.

इथे दवाखान्यात आल्यावर प्रतिभा सिस्टरने कुशाबाकडून मला हातात घेऊन उजेडात धरलं.

"आजोबा, हे आता नाही चालायचं. पाणी कसलं, सुई कसली, काय भरवसा?"

तिने मला टेबलाच्या कडेला ठेवलं आणि कपाटातून माझी एक बहीण काढली. मी वाया गेले. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

"मागच्या वेळी काही त्रास झाला होता का? खाज, पुरळ, दम लागणं?" सिस्टरने विचारलं.

"न्हाई बाई, काय बी न्हाई," मोहिनी म्हणाली. ऋतिका सुईकडे बघत होती. सिस्टरने तिच्या हातावर थेंबभर टोचून पाहिलं, काही उमटलं नाही. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत होत्या, तातडीचं औषध ट्रेमध्ये तयार होतं. मग माझी बहीण ऋतिकाच्या अंगात गेली आणि सिस्टर म्हणाली, "आता अर्धा तास इथंच बसायचं."

कुशाबाचं सगळं लक्ष दाराकडे, मेंढरं एकटी होती ना. तेवढ्यात ऋतिका मान खाजवू लागली. बघता बघता तिचे ओठ सुजले. "आये, घशात कायतरी अडाकलंय," असं म्हणत ती बाकावरून खाली घसरली.

सिस्टरने हाक मारली आणि डॉक्टर धावत आल्या. पोरीला आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, मांडीत ॲड्रिनॅलिन दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. मोहिनी तिचे तळवे चोळत "ऋते, ऋते" करत होती. जीव वाचवणारी म्हणून मिरवणारी मी, आणि माझ्याच बहिणीमुळे त्या पोरीचा गळा आवळला जात होता! टेबलावरून ते बघताना मला माझ्या घराण्याची लाज वाटली.

मग श्वास परत आला. आधी घरघरत, नंतर मोकळा. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती. ती येईपर्यंत डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला ऋतिकालाच.

"मागल्या बारीला रातच्याला लई खाज सुटली व्हती," ती हळूच म्हणाली. "अंगावर गांधी बी उठल्या. मला वाटलं, पिसवा चावल्या."

मोहिनीने कपाळाला हात लावला. मेंढरांत राहणाऱ्या घरात खाजेचं कुणाला काय विशेष? ती रोजचीच. आमचा इशारा पिसवांच्या नावावर खपून गेला होता.

"बाई, ह्ये मी तिकडं रानात टोचलं असतं तर?" कुशाबाने विचारलं.

डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो पटक्याचं टोक तोंडात कोंबून रडला.

असं फार क्वचित कुणाला होतं. म्हणून मला घाबरून पळू नका. ज्या पोरांच्या हृदयाला माझी गरज आहे, त्यांचा एकही खाडा करू नका. पण मला घरी, रानात, ओळखीच्या हाताने टोचून घेऊ नका. आणि सिस्टर विचारील तेव्हा साधी खाजसुद्धा सांगा हो, पिसवाच असतील म्हणून गिळू नका.

आज ती तिघं पुन्हा आली होती. ऋतिकाला आता माझ्याऐवजी दुसऱ्याच औषधाच्या रोजच्या गोळ्या आहेत. निघताना कुशाबाने तिला दारातच थांबवलं.

"कुठं बी गेलीस, कुणी बी सुई काढली, तर आधी काय म्हनायचं?"

"मला पेनिसिलिन चालत न्हाई."

"मोठ्यानं म्हण."

"मला पेनिसिलिन चालत न्हाई!"

ओसरीवरची सगळी माणसं वळून बघू लागली. आवाज खणखणीत होता तिचा, मध्ये कुठेही दम लागला नाही. जा पोरी, सुखाने जा. तुझी-माझी भेट आता कधीही न होवो.